पाचटातली साखर मोकळी करताना

निपाणी, चिकोडी, अथणी भागात ऊसतोडणी उरकली की फडात पाचटाचा, म्हणजे उसाच्या वाळल्या पानांचा, थर उरतो आणि बऱ्याच ठिकाणी तो पेटवला जातो. पण त्यातली साखर सोडवून आंबवली तर इथेनॉल करता येतं. कोरड्या पाचटात साधारण 35 ते 40 टक्के सेल्युलोज, म्हणजे एकमेकांत घट्ट गुंफलेलं ग्लुकोज असतं. मात्र हेमिसेल्युलोज (दुसऱ्या साखरांची साखळी) आणि लिग्निन (काडीला कडकपणा देणारा घटक) यांनी ते गिलावा केल्यासारखं झाकलेलं असतं. कच्च्या पाचटावर सेल्युलोज तोडून साखर सुटी करणारं एन्झाइम टाकलं तर त्यातली जेमतेम पाचवा हिस्सा साखर सुटते. पूर्वप्रक्रिया, म्हणजे हा गिलावा आधी मोकळा करणं, जमली तर हेच प्रमाण 80 टक्क्यांवर जातं.

पाचट आधी झटकून धुवायचं. मातीमुळे कटरची पाती झिजतात, आणि चुनखडीच्या काळ्या रानातली माती असेल तर तिच्यातला चुना पुढचं आम्ल खाऊन टाकतो. मग इंच-दोन इंचाचे तुकडे करून ते 0.5 ते 1 टक्का गंधकाम्लात भिजवायचे, पिळायचे आणि बंद भांड्यात 170 ते 180 अंशांच्या वाफेत 5 ते 10 मिनिटं ठेवायचे. नंतर दाब एकदम सोडायचा. तंतूंच्या आतल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि लाही फुटावी तसा तंतू आतून उलतो. हे काम आम्ल सोसणाऱ्या दाबपात्रातच, म्हणजे कारखान्यातच करायचं.

घोळ होतो तो वेळेत. कमी शिजलं तर काडी चिमटीत कडक लागते आणि एन्झाइम वाया जातं. जास्त शिजलं तर हेमिसेल्युलोजमधून सुटलेल्या साखरेचं फरफ्युराल नावाचं रसायन बनतं. त्याला कडू बदामासारखा वास येतो आणि त्याने पुढे साखर आंबवणारं यीस्ट मंदावतं. नीट जमलेला लगदा तपकिरी असतो, बोटांत चोळला की चिखलासारखा पसरतो.

तो धुऊन, सामू (pH) 5 च्या आसपास आणून, 50 अंशांवर दोन-तीन दिवस एन्झाइमसोबत ढवळायचा. मग यीस्ट. 1 टन कोरड्या पाचटात 380 किलो सेल्युलोज धरलं तर कागदावर सुमारे 270 लिटर इथेनॉल बसतं. प्रत्यक्षात घट येतेच. हेमिसेल्युलोजची झायलोज साखर या हिशेबात नाही, कारण साधं यीस्ट ती आंबवत नाही.

चिपाडावरही हीच प्रक्रिया चालते, पण ते कारखान्याच्या बॉयलरला आधीच लागतं. म्हणून आमचा भर पाचटावर आहे. तेही सगळं उचलू नये. निम्मं खोडव्याच्या (तोडणीनंतर बुडख्यातून पुन्हा फुटणाऱ्या उसाच्या) सरीतच राहू द्यावं, ओल टिकते आणि तणही दबतं.