एक घोडा, ५५ टन आणि क्रॉयडनचा चुना

घर बांधायला काढलंय त्या कोणालाही विचारा, वाळू-खडीचा भाव सांगताना तो आधी गाडीभाडं सांगतो. एक ब्रास वाळू नदीकाठी किती स्वस्त आणि आपल्या दारात पडेपर्यंत किती महाग! हा माल असाच आहे, वजनाला प्रचंड आणि किमतीला किरकोळ, त्यामुळे विटा, चुना, वाळू विकणारा दुकानदार खरं तर वाहतुकीचाच धंदा करत असतो. हे नीट कळतं ते लंडनच्या दक्षिणेला क्रॉयडनमध्ये, जिथे १८२४ साली जॉर्ज व्हॅलेंटाइन हॉल यांनी धंदा सुरू केला. पुढे हॉल अँड कंपनी म्हणून दक्षिण इंग्लंडात हे नाव खूप मोठं झालं, पण त्या यशाची जमीन त्याच्या वीस वर्षं आधीच तयार झाली होती, आणि ती केली होती लोखंडी रुळांनी.

झालं असं की थेम्सवरच्या वाँड्सवर्थपासून क्रॉयडनपर्यंत लोकांना खरं तर कालवा हवा होता. पण मधल्या वँडल नदीवर ओळीने पाणचक्क्या होत्या, कालव्याला पाणी दिलं तर त्या बंद पडणार. मग इंजिनियर विल्यम जेसप यांनी सुचवलं की कालव्याऐवजी लोखंडी मार्ग टाका. १८०१ मध्ये पार्लमेंटने परवानगी दिली आणि १८०३ मध्ये सरे आयर्न रेल्वे सुरू झाली. इंजिन नाही, पॅसेंजर नाही, टोल भरायचा आणि आपली वॅगन आपल्या घोड्याने ओढायची. १८०५ मध्ये दुसऱ्या एका कंपनीने हा मार्ग क्रॉयडनहून पुढे मर्स्टमच्या चुनखडीच्या खाणींपर्यंत नेला.

हे रूळ आजच्यासारखे नव्हते बरं का. बिडाच्या, इंग्रजी एल अक्षरासारख्या वळलेल्या पट्ट्या, जेमतेम तीन फूट लांब, आणि त्या दगडी ठोकळ्यांवर ठोकलेल्या. दगडाला भोक पाडायचं, त्यात लाकडाची खुंटी बसवायची, खुंटीत खिळा. दोन्ही बाजूंच्या दगडांना जोडणारा आडवा स्लीपर नाही, कारण मधून घोडा चालणार, त्याच्या पायात काही यायला नको. चाकाला कडा नाही, कड पट्टीलाच. पर्लीमध्ये या मार्गाचा एक छोटा तुकडा अजून मांडून ठेवलाय.

जुलै १८०५ मध्ये एक प्रयोग झाला. लाकडाच्या गाडीचा एक साधा घोडा सोडून आणला आणि दगडांनी भरलेल्या १२ वॅगन्सना जुंपला, एकेक वॅगन ३ टनांच्या वर. घोड्याने त्या ६ मैल ओढल्या, १ तास ४१ मिनिटांत, मग आणखी ४ भरलेल्या वॅगन्स जोडल्या, वर ५० मजूर चढले, शेवटी वजन भरलं ५५ टनांच्या थोडं वर!

हे कसं शक्य झालं ते बघू. मर्स्टमहून क्रॉयडनकडे उतार आहे, साधारण १२० फुटांना १ फूट. म्हणजे प्रत्येक टनाला गुरुत्वाकर्षणच सुमारे ८ किलोचा रेटा देतं, ५५ टनांना मिळून साडेचारशे किलोच्या आसपास. घोड्याची सलग ओढ धरा ६०-७० किलो. दोन्ही मिळून गाडी चालत राहिली, याचा अर्थ घर्षण टनाला १० किलोच्या आतबाहेर असणार. त्या काळच्या चिखलाच्या रस्त्यावर ते याच्या कित्येक पट असतं, कारण चाक जमिनीत रुततं आणि सारखं स्वतःच केलेल्या खड्ड्यातून वर चढत राहतं. लोखंडावर लोखंड जवळजवळ दबत नाही, सगळी किमया तिथे आहे. उलट दिशेने मात्र गणित फिरतं, घर्षणाचे १० आणि चढाचे ८ असे १८ किलो टनाला, म्हणजे तोच घोडा वर चढताना फार तर एक भरलेली वॅगन नेणार. सुदैवाने जड माल उताराकडेच जायचा होता. मला तर वाटतं जेसप यांच्या कामातलं सगळ्यात सुंदर हेच आहे.

आणि माल होता चुना. चुनखडी सुमारे ९०० अंशांना भाजली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि १०० किलो शुद्ध दगडातून ५६ किलो कळीचा चुना उरतो. म्हणून भट्टी खाणीजवळच हवी, उगाच ४४ किलो हवा कशाला वाहायची! पण कळीच्या चुन्याला पाणी लागलं की तो फुलतो आणि भयंकर तापतो, त्यामुळे पावसापासून जपून आणि लवकर पोचवणं भाग. मर्स्टमचा करडा चुना जास्त मोलाचा, कारण त्यात थोडी माती मिसळलेली असते आणि तो ओलाव्यातही घट्ट होतो. चुना खाली लंडनकडे आणि दगडी कोळसा वर क्रॉयडनकडे, अशा दोन्ही मालांच्या तोंडाशी क्रॉयडन, तिथे दुकान टाकणाऱ्याला जागेचं महत्त्व कळलेलं होतं हे नक्की.

बिडाच्या पट्ट्या मात्र टिकल्या नाहीत. कोपऱ्यात खडी-चिखल साचायचा, आणि वेल्समध्ये १८०४ लाच इंजिनियर रिचर्ड ट्रेव्हिथिक यांच्या वाफेच्या इंजिनाच्या वजनाने अशा पट्ट्या मोडल्या होत्या. मर्स्टमचा मार्ग ब्रायटनच्या नव्या रेल्वे कंपनीने विकत घेऊन १८३८ मध्ये बंद केला, सरे आयर्न १८४६ मध्ये गेली. खाणींच्या आतली छोटी रेल्वे मात्र शंभर वर्षं पुढे चालली. जवळच्याच बेचवर्थला चुन्याच्या कारखान्यात एकाच आवारात वेगवेगळ्या रुंदीचे रूळ होते. पहिल्या महायुद्धानंतर सैन्याचे २ फुटी रूळ आणि सिम्प्लेक्स नावाची छोटी पेट्रोल इंजिनं स्वस्तात विकायला निघाली, ती वाळूवाल्यांनी उचलली. खाणीचं तोंड सरकलं की रूळ उचलून पुढे टाकायचे, चार माणसांचं काम.

लॉरीने हे संपवलं. लॉरीला रूळ सरकवावे लागत नाहीत आणि ती थेट बांधकामावर जाते. रेडीमिक्स काँक्रीट आल्यावर तर घड्याळच लागलं, दीड-दोन तासांत ओतलं नाही तर ते घट्ट व्हायला लागतं. हॉल यांची कंपनीसुद्धा १९६८ मध्ये रेडी मिक्स्ड काँक्रीट कंपनीकडेच गेली.

पण लांब अंतरावर घर्षणाचं गणित बदललेलं नव्हतंच. सॉमरसेटच्या फॉस्टर योमन या दगड-खडीच्या कंपनीने १९८६ मध्ये स्वतःची डिझेल इंजिनं आणली, ब्रिटिश रेल्वेच्या मुख्य मार्गावर मालगाड्या ओढणारी पहिली खाजगी इंजिनं. आता अडचण उलटी होती. लोखंडावर लोखंड इतकं निसटतं की जड गाडी सुरू करताना इंजिनाची चाकं जागच्या जागी फिरतात, म्हणून या इंजिनांत अशी यंत्रणा होती की चाकांना मोजून-मापून किंचित घसरू द्यायचं, कारण तेवढ्या घसरणीत पकड सगळ्यात जास्त मिळते. मे १९९१ मध्ये त्यांनी अशी दोन इंजिनं लावून ११,९८२ टनांची, दीड किलोमीटरहून लांब गाडी हलवून दाखवली. चाकं जागच्या जागी फिरली नाहीत, गाडी निघाली, आणि मग वाटेत मधलं कपलिंग, म्हणजे डबे जोडणारी कडी, तुटलं.