बोर्ड कुरिअर करण्याआधी: सी मध्ये प्रोग्रॅम लिहिणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये दर सोमवारी कुरिअरवाला दोन-तीन खोकी टाकून जातो. आत आमचाच कंट्रोलर बोर्ड, बबल रॅपमध्ये नीट गुंडाळलेला, आणि वर चिठ्ठी: "बोर्ड खराब आहे, बदलून द्या." आम्ही तो चाचणीला लावतो, तो चांगला निघतो, परत पॅक करून पाठवतो. तुमचा आठवडा जातो, मशीन उभं राहतं आणि आमचा एक माणूस अर्धा दिवस अडकतो. खराब बोर्ड निघतच नाहीत असं नाही. सप्लायच्या बाजूचा कपॅसिटर गेलेला, कनेक्टरचं सोल्डरिंग सुटलेलं, असे निघतात आणि ते आम्ही निमूट बदलून देतो. पण बहुतेक वेळा दोष तुमच्या सी प्रोग्रॅममध्ये असतो, आणि त्यातही बहुतेक वेळा तो एकच दोष असतो.

हे पत्रक आधी गुजरातीत काढलं होतं. भोसरी-सातपूरच्या ग्राहकांनी आणि इथल्याच दांडिया बाजारातल्या एका काकांनी "आम्हाला मराठीत द्या की" म्हणून तगादा लावला, म्हणून हे. छपाईच्या सोयीसाठी सगळे शब्द देवनागरीत घेतलेत; कोड टाइप करताना ते नेहमीच्याच अक्षरांत लिहायचे हे सांगायला नको. (एकाने विचारलं होतं.) तुम्हाला सी येतं असं धरून चाललो आहोत. लूप म्हणजे काय, फंक्शन म्हणजे काय, ते इथे नाही.

"शंभर डिग्रीला तुमचा रिले पडतो"

पावडर कोटिंगच्या भट्ट्या बनवणारे आमचे एक ग्राहक आहेत. भट्टी १८० डिग्रीला जायची. त्यांच्या टेबलावर सगळं ठीक चालायचं, पण प्रत्यक्ष भट्टीवर बसवलं की १०० डिग्रीला हीटरचा रिले सुटायचा आणि परत लागायचाच नाही. भट्टी निवल्यावर सप्लाय बंद-चालू केला की पुन्हा शंभरपर्यंत व्यवस्थित. त्यांचं म्हणणं सरळ होतं: रिले गरम होऊन पडतो. बोर्ड दोनदा आमच्याकडे आला. आम्ही तो रात्रभर ६० डिग्रीच्या पेटीत ठेवून रिले चालवत राहिलो. काही झालं नाही. दोन्ही वेळा परत पाठवला आणि दोन्ही वेळा फोनवर बोलणी खाल्ली.

तिसऱ्या वेळी आम्ही म्हटलं, डिस्प्लेवर लिहिणारं तेवढं फंक्शन पाठवा, बाकीचा कोड नको. त्या उन्हाळ्यात इथल्या कलाभवन इंजिनिअरिंग कॉलेजातली एक विद्यार्थिनी आमच्याकडे शिकायला येत होती. तिने ते फंक्शन पाहिलं आणि कागदावर अक्षरं मोजायला बसली.

डिस्प्ले सोळा अक्षरी. त्यांनी ओळ ठेवायचा अ‍ॅरेही सोळाचाच घेतलेला. ओळ अशी: ओव्हन, एक मोकळी जागा, टेंप, कोलन, मग आकडा, शेवटी सी. इंग्रजी अक्षरांत मोजा. ओव्हनची चार, जागा एक, टेंपची चार, कोलन एक, झाली दहा. आकडा ९९.९ असेल तर पॉइंट धरून चार, चौदा. सी धरून पंधरा. सी भाषेत प्रत्येक स्ट्रिंगच्या शेवटी एक शून्य बाइट बसतो, तो सोळावा. बरोबर मावलं.

आता तापमान १००.० झालं. आकडा पाच अक्षरांचा झाला, ओळ सोळाची झाली, आणि शेवटचं शून्य गेलं सतराव्या जागी. ती जागा अ‍ॅरेची नाहीच. त्यांच्या प्रोग्रॅममध्ये अ‍ॅरेच्या लगेच पुढे सेटपॉइंटचं, म्हणजे भट्टी किती डिग्रीला न्यायची त्याचं, व्हेरिएबल बसलं होतं. १८० हा आकडा एका बाइटात मावतो, तोच बाइट पुसला गेला आणि सेटपॉइंट झाला शून्य. भट्टी शंभरावर, सेटपॉइंट शून्यावर. मग हीटर बंद करणं हेच प्रोग्रॅमचं कर्तव्य होतं, आणि ते त्याने पार पाडलं. डिस्प्लेवर सोळाच्या सोळा अक्षरं झकास दिसत होती, म्हणून तिकडे कुणाचं लक्ष जाईना. सप्लाय बंद-चालू केला की सेटपॉइंट ईईप्रॉममधून (सप्लाय गेला तरी टिकणाऱ्या मेमरीतून) पुन्हा वाचला जायचा, म्हणून "रिसेट केलं की बरं होतं". टेबलावर सेन्सर कधी शंभरच्या वर गेलाच नव्हता.

तिने सेन्सरच्या जागी सिम्युलेटर लावून ९९.९ दिलं, मग १००.० लावलं. टक्. रिले सुटला. थंडगार बोर्डावर.

अ‍ॅरे सतराचा केला आणि काम झालं. दोन कुरिअर, तीन आठवडे आणि एक बाइट.

हा दोष ओळखायचा कसा

याचं वाईट लक्षण असं की चूक एका जागी होते आणि भोगतो दुसराच. चोर सोडून संन्याशाला फाशी. डिस्प्लेचं फंक्शन चुकतं आणि तुम्ही आठवडाभर हीटरचं फंक्शन तपासत बसता. म्हणून पुढच्यांपैकी काही दिसलं तर आधी अ‍ॅरे मोजा: ज्या व्हेरिएबलला कुणी हात लावत नाही त्याची किंमत बदलते, ठरावीक आकड्यालाच गडबड होते (९ वरून १०, ९९ वरून १००, किंवा उणे तापमान, कारण उण्याची खूणही एक जागा खाते), आणि सगळ्यात नेहमीचं, "डिबगसाठी एक ओळ टाकली की चालतं, काढली की बिघडतं." ओळ टाकल्यावर दोष गेलेला नसतो. मेमरीतली मांडणी बदलते, शून्य दुसऱ्या कुठल्या तरी बिनमहत्त्वाच्या जागी पडतं, इतकंच. तशी ओळ ठेवून माल पाठवणारेही आमचे ग्राहक आहेत. नावं घेत नाही.

उपाय सोपा आहे. ओळ बनवायला एसप्रिंटएफ वापरणं सोडा आणि एसएनप्रिंटएफ वापरा. ते १९९९ च्या स्टँडर्डपासून भाषेत आहे आणि आमच्यासोबत येणाऱ्या कंपायलरात चालतं. त्याला अ‍ॅरेचा आकार सांगावा लागतो. ओळ मावली नाही तर ते ती कापतं, पण शेवटचं शून्य आतच ठेवतं. आकार हाताने लिहू नका, साइझऑफने घ्या, म्हणजे उद्या अ‍ॅरे बदलला तरी आकडा चुकत नाही.

पण तिथेही एक खड्डा आहे. अ‍ॅरे दुसऱ्या फंक्शनला दिला की तिथे तो अ‍ॅरे राहत नाही, नुसता पॉइंटर उरतो. त्या फंक्शनच्या आत साइझऑफ विचारलं तर आमच्या छोट्या बोर्डावर उत्तर २ येतं, मोठ्यावर ४, तुमचा अ‍ॅरे शंभरचा का असेना. म्हणून आकार वेगळा पाठवा. आणि "एसटीआर-एन-कॉपी वापरतो, त्यात एन आहे, म्हणजे सुरक्षित" असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो, की मजकूर दिलेल्या आकाराइतका किंवा त्याहून मोठा असेल तर ते फंक्शन शेवटी शून्य लावतच नाही. ते स्वतः लावा.

वजनकाटा किंवा बारकोड वाचणारा सिरियलवर जोडला असेल तर तीच काळजी उलट बाजूने घ्या. समोरचा किती अक्षरं पाठवेल ते तुमच्या हातात नाही. मर्यादा न पाहता ओळ वाचणारं गेट्स नावाचं जुनं फंक्शन २०११ च्या स्टँडर्डमधून काढूनच टाकलं, ते याच कारणाने. तुम्ही स्वतः लिहिलेल्या लूपमध्ये मात्र ते अजून जिवंत असतं.

"मग भाषाच का नाही अडवत?"

हे आम्हाला जरा रागाने विचारलं जातं. सी भाषा डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये १९७२ च्या सुमारास आकाराला आणली आणि पुढच्याच वर्षी युनिक्स तिच्यात लिहिलं गेलं. त्या काळच्या यंत्रांची मेमरी किलोबाइटांत मोजायची. प्रत्येक वेळी अ‍ॅरेची हद्द तपासायला जागाही लागते आणि वेळही, म्हणून ते काम लिहिणाऱ्यावर सोडलं. जुनी गोष्ट वाटेल, पण आमच्या छोट्या बोर्डावरच्या एटीमेगा ३२८ चिपमध्ये आजही रॅम २०४८ बाइटच आहे. म्हणून तर तिथे सी चालते.

कंपायलर थोडं सांगतो, ऐकलं तर. आमच्या नमुना प्रोजेक्टमध्ये आम्ही वॉर्निंगचे "वॉल" आणि "एक्स्ट्रा" हे दोन्ही पर्याय चालू करून देतो, कारण नावात "ऑल" असलं तरी पहिला पर्याय सगळं दाखवत नाही. पहिल्याच दिवशी ग्राहक ते बंद करतात: "पिवळ्या ओळी फार येतात हो." येऊ द्या. इफमध्ये दोन ऐवजी एकच बरोबरचं चिन्ह पडणं, व्हेरिएबलला किंमत न देताच ते वाचणं, एसप्रिंटएफमध्ये लाँगला इंटची खूण लावणं, या चुका तिथल्या तिथे सापडतात. आम्ही यावर वेगळं लिहीत नाही ते म्हणूनच.

एक मिनिटाचा टायमर उलटा का पळतो

हा दुसऱ्या नंबरचा प्रश्न. छोट्या बोर्डावर इंट १६ बिटांचा आहे, त्यात ३२७६७ पर्यंतच आकडे मावतात. मिनिटाचे मिलिसेकंद काढायला ६० * १००० लिहिलं की ६०००० व्हायला हवं, पण हातात बहुधा उणे ५५३६ येतं. "आम्ही उत्तर लाँगमध्ये ठेवलंय" असं सगळे म्हणतात. भांडं मोठं घेऊन उपयोग नाही. गुणाकार आधी इंटमध्ये होतो, बिघडतो आणि मग मोठ्या भांड्यात पडतो. १००० च्या पुढे यूएल लावा. मोठ्या बोर्डावर इंट ३२ बिटांचा असल्याने तोच कोड तिथे बिनतक्रार चालतो, आणि मग फोन येतो की छोटा बोर्ड डुप्लिकेट आहे. दोन्हींवर कोड चालवायचा असेल तर नुसतं इंट लिहूच नका. १६ की ३२ ते नावातच सांगणारे प्रकार स्टँडर्डमध्ये आहेत, ते घ्या.

भागाकाराचंही तसंच. ५ / ९ चं उत्तर पूर्णांकांत शून्य. फॅरनहाइटचं सेल्सिअस करताना आधी गुणा, मग भागा.

"ऑप्टिमायझेशन बंद केलं की चालतं"

तर मग इंटरप्टमध्ये बदलणाऱ्या व्हेरिएबलला व्होलटाइल लावायचं राहिलं आहे. कंपायलरला वाटतं की लूपमध्ये ते कुणी बदलत नाही, म्हणून तो ते एकदाच वाचतो आणि कायमचा वाट पाहत बसतो. व्होलटाइल लावल्यावरही छोट्या बोर्डावर दोन बाइटांचा काउंटर वाचताना क्षणभर इंटरप्ट थांबवा, नाहीतर अर्धा आकडा जुना आणि अर्धा नवा हातात येतो. हे वर्षातून एकदाच होतं, आणि ते नेमकं तुमच्या ग्राहकाकडे, रविवारी.

तपासणीचे पैसे का

बोर्ड खराब निघाला तर काही नाही, वॉरंटीत कुरिअरही आमचं. चांगला निघाला तर ४०० रुपये. यावर नाराजी आहे हे माहीत आहे. पण चांगला बोर्ड चांगला आहे हे सिद्ध करायला खराब बोर्डापेक्षा जास्त वेळ लागतो. खराब असेल तो पाच मिनिटांत कळतो.

आणि हे ४०० वाचवायची सोय आम्ही बोर्डातच दिलेली आहे. निळी कळ दाबून धरा आणि सप्लाय द्या. तुमचा प्रोग्रॅम बाजूला राहतो आणि आमचा चाचणी प्रोग्रॅम चालू होतो. आठही रिले एकामागून एक वाजले, डिस्प्लेवर सगळे चौकोन भरले आणि सेन्सरचा आकडा खोलीच्या तापमानाजवळ दिसला, तर बोर्ड ठीक आहे. पॅक करू नका. अ‍ॅरे मोजा.

मेमरीची चूक घरच्या कॉम्प्युटरवरही पकडता येते. ओळी बनवणारी फंक्शनं वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, जीसीसी कंपायलरमध्ये अ‍ॅड्रेस सॅनिटायझर चालू करून कंपाइल करा आणि त्यांना टोकाचे आकडे खायला घाला: ०, उणे ५, ९९.९, १००.०, ९९९.९. हद्द ओलांडली की प्रोग्रॅम तिथेच थांबतो आणि ओळ क्रमांक दाखवतो. भट्टीवाल्यांना आम्ही हेच लावून दिलं. त्यानंतर त्यांचा बोर्ड परत आलेला नाही, नवीन ऑर्डरी मात्र आल्या आहेत.

जास्त रॅमचा मोठा बोर्ड आमच्याकडे आहे, विकायला आवडेलच. पण अ‍ॅरे एका बाइटने कमी पडत असेल तर तो घेऊ नका. तिथेही एक बाइट कमीच पडेल. घ्यायचा तर ग्राफचा डिस्प्ले किंवा महिनाभराची नोंद ठेवायची असेल तेव्हा घ्या. कोड तपासून हवा असेल तर शनिवारी सकाळी दहा ते एक आम्ही फक्त तेच करतो. आधी फोन करून वेळ घ्या. आमच्या चालू ग्राहकांना वर्षातून एकदा हे फुकट आहे, आणि कोड तुमच्याच लॅपटॉपवर राहतो, आम्ही प्रत ठेवत नाही. चहा आमचा. शेव-उसळ हवी असेल तर साडेदहाच्या आत या, नंतर कोपऱ्यावरच्या गाडीवर रस्साच उरतो.

तरीही बोर्ड पाठवायचाच असेल तर खोक्यात तीन गोष्टी टाका: निळ्या कळीच्या चाचणीत काय दिसलं ते, गडबड झाली तेव्हा डिस्प्लेवर नेमका कोणता आकडा होता तो, आणि डिस्प्लेवर लिहिणारं फंक्शन कागदावर छापून.