खाणीत उतरण्यापूर्वीची झडती

भूमिगत कोळसा खाणीत पाळीवर उतरणाऱ्या माणसाच्या अंगावर काय असावे हे जसे ठरलेले असते, तसेच काय नसावे हेही ठरलेले असते. टोपीवरचा दिवा आणि कमरेचा सेल्फ-रेस्क्यूअर, म्हणजे विषारी धुरातून बाहेर पडताना श्वास घेण्यासाठीचे छोटे उपकरण, सक्तीचा. विडी, सिगारेट, काडेपेटी आणि लायटर यांना मात्र सक्त मनाई. खिसे, जेवणाचा डबा, बुटांची वरची कड हे सारे खाणीच्या तोंडाशी चाचपून पाहिले जाते, आणि झडती कोणत्या दिवशी होणार हे मुद्दामच आधी सांगितले जात नाही. बाहेरच्या माणसाला हा शिस्तीचा अतिरेक वाटेल. परंतु खाणीत ठिणगी पडू शकेल अशा प्रत्येक यंत्राची जागा ठाऊक असते, त्याची तपासणी ठरलेली असते आणि धोका वाढताच त्याची वीज तोडण्याची सोय असते. माणसाच्या खिशातील आगीला यांतले काहीच लागू पडत नाही. ती कोठेही जाऊ शकते, आणि नेमकी आडबाजूला, जेथे कोणी पाहत नाही आणि बहुधा हवाही नीट खेळत नाही, अशाच ठिकाणी बाहेर काढली जाते.

कोळशाच्या सूक्ष्म छिद्रांत मिथेन वायू दाबाखाली धरून ठेवलेला असतो. सोड्याच्या बाटलीचे बूच काढावे आणि वायू फसफसून वर यावा, तसा कोळसा कापला जाताच दाब उतरतो आणि मिथेन हवेत मिसळू लागतो. त्याला रंग नाही, वास नाही. हवेत त्याचे प्रमाण सुमारे ५ ते १५ टक्के असेल तर मिश्रण स्फोटक बनते आणि साडेनऊ टक्क्यांच्या आसपास स्फोट सर्वांत जोरदार होतो. प्रत्यक्षात मात्र पाच टक्क्यांची वाट कोणी पाहत नाही. अमेरिकेतील नियमांनुसार कामाच्या जागी मिथेन १ टक्का झाला की विद्युतयंत्रे बंद करावी लागतात आणि १.५ टक्क्यांवर माणसांना मागे घ्यावे लागते. भारतात वीज तोडण्याची आणि माणसे हलवण्याची मर्यादा १.२५ टक्के आहे. एवढी खबरदारी घेण्याचे कारण असे की हे प्रमाण बोगद्यात सगळीकडे सारखे नसते. मिथेन हवेपेक्षा जवळजवळ निम्म्या वजनाचा असल्यामुळे हवेचा प्रवाह मंद असेल तेथे तो छताखाली थर करून राहतो. त्यामुळे छातीच्या उंचीवर मोजलेली हवा निर्धोक दिसत असताना डोक्यावरच्या खळग्यात स्फोटक मिश्रण असू शकते.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. जळत्या सिगारेटचे टोक ओढताना सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापते, म्हणून तेच मिथेन पेटवत असेल असे कोणालाही वाटेल. प्रयोगांत मात्र नुसत्या धुमसत्या सिगारेटने मिथेन सहसा पेटत नाही. निखारा लहान असतो, त्यावर राखेचे आवरण असते आणि भोवती ऑक्सिजन कमी असलेली जळकी हवा असते. शिवाय मिथेनला पेट घेण्यासाठी थोडा अवधी लागतो. तापमान साडेसहाशे अंशांच्या आसपास असेल तर हा विलंब काही सेकंदांचा असतो, आणि तेवढ्या वेळात वायू निखाऱ्याला स्पर्श करून वर निघून जातो. गॅस असलेल्या खाणींसाठी खास बनवलेली सुरुंगाची स्फोटकेही याच विलंबावर भिस्त ठेवतात: त्यांची ज्वाला मिथेन पेटण्याआधीच विझावी अशी त्यांची रचना असते. म्हणजे खरा धोका आहे तो सिगारेट पेटवण्यात. काडीची किंवा लायटरची उघडी ज्योत पेटण्याजोग्या मिथेनला हमखास पेटवते. त्यामुळे ‘मी पेटवणार नव्हतो, नुसती खिशात होती’ हा बचाव नियमात मुळीच चालत नाही; सामान जवळ बाळगणे हाच गुन्हा मानलेला आहे, आणि माझ्या मते ते योग्यच आहे.

उघड्या ज्योतीशी खाणीचे वैर जुने आहे. इंग्लंडमधील फेलिंग येथे २५ मे १८१२ रोजी झालेल्या स्फोटात ९२ जण दगावले, आणि त्यानंतरच्या हालचालींतून सर हंफ्री डेव्हींनी १८१५ मध्ये आपला सुरक्षादीप तयार केला. ज्योतीभोवती बारीक तारेची जाळी, एवढीच त्याची करामत. जाळीचा धातू उष्णता इतक्या वेगाने ओढून घेतो की आत पेटलेला वायू जाळीबाहेर येईपर्यंत पेटता राहत नाही. शिवाय गॅस असला की ज्योतीवर निळसर टोपी दिसू लागे, त्यामुळे हाच दिवा गॅस मोजण्याचे साधनही ठरला. तरीही अपघात थांबले नाहीत. दिवा आहे या भरवशावर मालकांनी अधिक खोल आणि अधिक गॅसाचे थर खोदायला घेतले, आणि कामगारांनी पाइप पेटवण्यासाठी दिवा उघडायला सुरुवात केली. मग दिव्यांना कुलपे आली. काही दिव्यांना शिशाची खीळ ठोकून तिच्यावर ठसा मारत. ती तोडल्याशिवाय दिवा उघडत नसे आणि तोडली की पाळीनंतर दिवाघरात लगेच कळे. काहींचे कुलूप दिवाघरातील जबर लोहचुंबकानेच निघत असे. धूम्रपानावरचा बंदोबस्त असा दिव्याच्या घडणीतच उतरलेला होता. ज्यांना तंबाखूवाचून चालत नसे, ते ती चघळू लागले.

वीज आल्यावर प्रश्न अधिक नाजूक झाला. वेल्समधील सेंघेनिड खाणीत १४ ऑक्टोबर १९१३ रोजी झालेल्या स्फोटात ४३९ कामगार मरण पावले. संशयितांच्या यादीत इशाऱ्याची विजेची घंटा होती: दोन उघड्या तारा एकमेकींना टेकवल्या की ती वाजत असे. बॅटरी इतकी कमी दाबाची होती की तिची ठिणगी निरुपद्रवी समजली जात होती. त्या काळातील संशोधनातून दिसले की घंटेच्या वेटोळ्यात साठलेली ऊर्जा तारा विलग होताना एका क्षणात बाहेर पडते आणि तेवढी मिथेनला पुरते. त्याला पेटवायला अनुकूल स्थितीत सुमारे ०.२८ मिलिज्यूल ऊर्जा लागते; काडेपेटीची एक काडी याच्या लाखो पट ऊर्जा सोडते. आज खाणीतील टेलिफोन, संवेदक आणि टोपीवरचे दिवे असे बनवले जातात की त्यांत बिघाड झाला तरी बाहेर पडणारी ठिणगी या मर्यादेच्या खाली राहावी. मोठ्या मोटारींना हे जमत नाही, म्हणून त्या जाड पोलादी पेटीत बसवतात. पेटीच्या आत गॅस पेटू शकतो, पण झाकणाच्या अरुंद फटीतून बाहेर येताना ज्वाला थंड होते. तत्त्व डेव्हींच्या जाळीचेच.

मिलिज्यूलचे हिशेब करून घडवलेली ही सारी यंत्रणा एका लायटरपुढे हतबल ठरते, याचे उदाहरण ७ डिसेंबर १९९२ चे आहे. अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात नॉर्टनजवळच्या एका खाणीत स्फोट होऊन आठ जणांचा बळी गेला. मिथेन सिगारेटच्या लायटरच्या ज्योतीने पेटला, असा निष्कर्ष तपासात निघाला. परंतु त्याच तपासात हेही दिसले की कोळसा काढून झालेल्या मागील भागातील वायुवीजन नीट राखलेले नव्हते आणि तेथे गॅस साचू दिला गेला होता. खाणकामात या मागे उरलेल्या पोकळीला ‘गोफ’ म्हणतात. बाहेरचा वातावरणीय दाब उतरला की गोफमधील वायू कामाच्या जागेकडे सरकतो, त्यामुळे खाणीच्या कार्यालयात वायुभारमापकही तपासावा लागतो. अशा अपघातानंतर सारा दोष विडी ओढणाऱ्यावर टाकणे व्यवस्थापनाला सोयीचे असते. हवा खेळती असती तर त्या लायटरने सिगारेटशिवाय दुसरे काही पेटले नसते, हेही तितकेच खरे आहे. पंखे, हवेची दिशा वळवणारे पडदे आणि प्रत्येक पाळीआधीची गॅसची तपासणी हा पहिला बंदोबस्त आहे. झडती ही त्यानंतरची पायरी.

मात्र कायदा कामगारालाही मोकळे सोडत नाही. अमेरिकेच्या १९७७ च्या खाण कायद्यात बहुतेक दंड खाणचालकासाठी आहेत, पण धूम्रपानाचे साहित्य जाणूनबुजून आत नेणाऱ्या कामगाराला तो स्वतःच्या खिशातून भरावा लागतो. नुसत्या दंडाने तलफ जात नाही हा भाग वेगळा. आठ तासांच्या पाळीत निकोटिनची सवय स्वस्थ बसू देत नाही, म्हणून जमिनीवर धूम्रपानासाठी वेगळी जागा ठेवणे आणि व्यसन सोडण्यासाठी मदत देणे या गोष्टी झडतीइतक्याच उपयोगी पडतात. अलीकडे ई-सिगारेट, मोबाइल आणि साधी बॅटरीवरची घड्याळेही याच बंदीत मोडतात. ई-सिगारेटला ज्योत नसते हे खरे, पण तिच्यात तापणारी तार आणि लिथियमची बॅटरी असते, आणि खाणीसाठीच्या कोणत्याही चाचणीतून ती गेलेली नसते.

मिथेन मुळीच नसलेल्या खाणीतही उघडी ज्योत चालत नाही, याचे कारण कोळशाची धूळ. फ्रान्समधील कूरियेर येथे १० मार्च १९०६ रोजी १,०९९ माणसे मरण पावली. त्या खाणींत गॅस फारसा नाही अशी समजूत होती आणि उघड्या ज्योतीचे दिवे वापरात होते. ठिणगी नेमकी कशाची, हे निश्चित ठरले नाही, पण भडका मैलोगणती पसरवला तो धुळीने. छोट्या स्फोटाचा वारा जमिनीवरची आणि भिंतींवरची बारीक धूळ उडवतो, मागून येणारी ज्वाला ती पेटवते, त्याचा वारा पुढची धूळ उडवतो, आणि ही साखळी इंधन संपेपर्यंत चालू राहते. ती तोडण्यासाठी बोगद्यांत चुनखडीची पांढरी भुकटी फवारतात. कोळशाच्या धुळीबरोबर तीही उडते, उष्णता शोषून घेते आणि ज्वाला पुढे सरकत नाही. अमेरिकेत २०१० च्या दुर्घटनेनंतर बोगद्यातील धुळीत किमान ८० टक्के भाग न जळणारा असावा, असा नियम सर्वत्र लागू झाला. वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील त्या स्फोटात २९ जण गेले होते: कोळसा कापणाऱ्या यंत्राचे झिजलेले दात वालुकाश्मावर घासून ठिणग्या उडाल्या, पाण्याचे फवारे धड नव्हते आणि चुनखडी पुरेशी टाकलेली नव्हती.

स्फोट न होता नुसती आग लागली, तरी ती कमी घातक नसते. इंग्लंडमधील क्रेसवेल खाणीत २६ सप्टेंबर १९५० रोजी कन्व्हेयरचा फाटलेला पट्टा घर्षणाने पेटला आणि ८० जण दगावले. न पेटणारे पट्टे त्यानंतर सक्तीचे झाले. काही कोळसा तर कोणी न पेटवताही पेटतो: हवेतील ऑक्सिजनशी संयोग होताना तो हळूहळू तापतो आणि उष्णता निघून जायला वाव नसेल तर धुमसू लागतो. अशा आगींत बहुतेक माणसे ज्वाळांनी नव्हे, तर कार्बन मोनॉक्साइडने मरतात. रक्तातील हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा या वायूला दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरते. धूम्रपान करणाऱ्याच्या रक्तात त्याचा काही टक्के वाटा आधीच असतो, त्यामुळे धुरातून बाहेर पडताना त्याच्याजवळ शिल्लक कमी असते. कमरेचा सेल्फ-रेस्क्यूअर आहे तो याच वायूसाठी.

आग विझवणे अशक्य झाले की तो भाग भिंती बांधून बंद करतात, आणि तो निर्णय फार अवघड असतो. आत कोणी जिवंत असेल तर हवा तोडणे म्हणजे त्याला मारणे. १९४२ मध्ये चीनमधील बेन्शीहू खाणीत १,५४९ कामगार मेले, त्यांतील बरेच जण वायुवीजन बंद केल्यामुळे विषारी वायूने गेले असे नंतरच्या तपासात आढळले. आत कोणी नसले तरी धोका टळत नाही, कारण भिंतीआड ऑक्सिजन घटत असताना मिथेन वाढत जातो आणि मिश्रण काही काळ स्फोटक पट्ट्यातून जाते. ऑक्सिजन साधारण १२ टक्क्यांखाली गेला की मिथेनचा स्फोट होत नाही. तोवर माणसांना दूर ठेवतात आणि शक्य असेल तेथे आत नायट्रोजन सोडतात. त्यानंतर भिंतीतील नळीतून हवेचे नमुने घेतले जातात, आणि किती ऑक्सिजन खर्च झाला व त्या बदल्यात किती कार्बन मोनॉक्साइड तयार झाला याचे गुणोत्तर आठवडे, कधी महिने, तपासत राहावे लागते. कार्बन मोनॉक्साइड नाहीसा झाला तरी भिंत लगेच फोडत नाहीत, कारण मोठ्या ढिगाच्या पोटातील कोळसा दीर्घकाळ तापलेला राहतो आणि ताजी हवा मिळताच पुन्हा पेट घेतो.