अतिवृद्धापकाळातील भावनिक स्वास्थ्य : खानदेश

वयाची ऐंशी वर्षे ओलांडलेल्या माणसाचे मन स्थिर राहणे, उद्याच्या दिवसाची ओढ वाटणे आणि दुःख, राग, भीती सोसण्याचे बळ टिकणे, यास अतिवृद्धापकाळातील भावनिक स्वास्थ्य म्हणतात. साठीनंतरच्या सगळ्या वर्षांना सरसकट म्हातारपण म्हटले जाते. पण पासष्टीचा निवृत्त शिक्षक आणि त्याची नव्वदीची आई यांच्या अडचणी एका जातीच्या नसतात. त्याच्यापुढे वेळ कसा घालवावा हा प्रश्न असतो. तिच्या वयाचे कुणी उरलेले नसते, कानांनी साथ सोडलेली असते, आणि क्वचित पोटच्या लेकराचे मरण पाहण्याची पाळीही येऊन गेलेली असते. या नोंदीत जळगाव, धुळे व नंदुरबार हे जिल्हे आणि बोलीने व सोयरिकीने त्यांच्याशी जोडलेला मालेगाव-बागलाणचा पट्टा विचारात घेतला आहे.

ऐंशीनंतर मन खचतेच, हा समज चुकीचा आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टेन्सन यांच्या मांडणीनुसार पुढचा काळ थोडा आहे हे जाणवले की माणूस वरवरची नाती सोडतो आणि मोजकी, जिव्हाळ्याची नाती घट्ट धरतो. त्यामुळे पुष्कळ वृद्धांची रोजची मनःस्थिती तरुणांपेक्षा शांत असते. नव्वदीचे आप्पा लग्नाला यायला नकार देतात, पण संध्याकाळी शेजारचे जिभाऊ आले नाहीत तर दहादा विचारतात, हे उदासीचे लक्षण मानायचे कारण नाही. पॉल व मार्गरेट बाल्टेस या दांपत्याने १९९० मध्ये मांडलेला विचारही येथे लागू पडतो : मोजके निवडावे, त्यावर भर द्यावा, गेलेल्या शक्तीची भरपाई साधनाने करावी. रावेर-यावलकडचा म्हातारा शेतकरी केळीचा बाग मुलांच्या हाती देतो, घरामागच्या चार झाडांची आळी मात्र स्वतः करतो, आणि वाकवत नाही म्हणून खुरप्याला लांब दांडा बसवून घेतो. त्याने कोणतेही पुस्तक वाचलेले नसते.

काम आणि विचारपूस : खानदेशी घरात म्हाताऱ्या माणसावर होणारा सर्वांत मोठा अन्याय बहुधा प्रेमापोटी होतो. ‘आता बसा निवांत’ असे म्हणून त्याच्या हातातले काम काढून घेतले जाते. उन्हाळ्यात ज्वारीच्या बिबड्यांचा, म्हणजे पापडांचा, घाटा चुलीवर रटरटत असतो, तेव्हा मीठ-तिखट बरोबर पडले का, हे चाखून सांगायला मोठी माय लागते. दादर (रब्बी ज्वारी) निवडणे, शेंगा फोडणे, लसूण सोलणे, देवाच्या वाती वळणे, गोधडीला टाके घालणे ही बसल्या जागची कामे नजर व बोटे चालतात तोवर होतात. ती संथ होतात, कधी पुन्हा करावी लागतात. तरी ती करू द्यावीत. काम होऊ शकत नाही तेव्हाही सल्ला विचारता येतो. पेरणी कधी करावी हे नानांना विचारून मग मुलाने स्वतःच्या मनाप्रमाणे केले तरी नानांना फारसे वाईट वाटत नाही. न विचारता केलेले मात्र लागते.

सणांत ही विचारपूस आपोआप होते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी बसणाऱ्या कानबाई या देवीसाठी सुरतेला, नाशिकला, पुण्याला गेलेली भाऊबंदकी गावी येते. रोटाचे, म्हणजे देवीच्या प्रसादाचे, धान्य कुटुंबातल्या पुरुषांच्या संख्येवर मुठीने मोजायचे, रोट कोणी खायचा, कोणी नाही, याचे नियम घराघरांत वेगळे असतात आणि ते घरच्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला ठाऊक असतात. अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आखाजीला, पूर्वजांच्या नावाने घागर भरतात व आगारी टाकतात, म्हणजे विस्तवावर नैवेद्य देतात. कुणाकुणाची नावे घ्यायची, हे तिसऱ्या पिढीच्या पलीकडे एखाद्याच माणसाला आठवत असते. याच सणाला लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात. सत्तरीची लेक पंचाण्णव वर्षांच्या आईला भेटायला आलेली दिसते. भेट संपल्यावरचा आठवडा मात्र जड जातो, आणि घरच्यांनी त्या दिवसांकडे अधिक लक्ष द्यावे.

ज्यांना चालवत नाही त्यांच्या दारावरून देव जातो, ही सोयही परंपरेने केली आहे. जळगावात कार्तिकी एकादशीला श्रीरामाचा रथ निघतो, अमळनेरला वैशाखात संत सखाराम महाराजांचा रथोत्सव होतो. अशा वेळी म्हाताऱ्यांच्या खुर्च्या आधी ओट्यावर मांडल्या जातात. रोजच्या हरिपाठाचा उपयोग त्याहून मोठा. ठरलेली वेळ, ओळखीची माणसे, पाठ असलेले शब्द आणि समूहाचा आवाज एवढे एकत्र मिळणारी जागा दुसरी नाही. नवे काही आठवत नाही अशा माणसालाही अभंग पुरता येतो.

ओटा, ऊन आणि कान : जुन्या धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घरापुढचा ओटा ही म्हाताऱ्यांची बैठक होती. तेथे काही न करता बसले तरी येणारा-जाणारा ‘जेवण झालं का’ म्हणून विचारे. नव्या स्लॅबच्या घरांना लोखंडी फाटक आले, बैठक आत गेली, आणि धाब्याचा गारवाही गेला. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. सकाळी दहापासून सूर्य कलेपर्यंत म्हातारी माणसे एका खोलीत अडकतात. वयामुळे तहान कमी लागते, लघवीसाठी उठावे लागू नये म्हणून काही जण मुद्दाम पाणी टाळतात, शिवाय रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी शरीरातले पाणी कमी होते. त्यातून अचानक बरळणे, माणसे न ओळखणे, चिडचिड सुरू झाली तर ते ‘म्हातारचळ’ म्हणून सोडून देऊ नये. एक-दोन दिवसांत उद्भवलेला गोंधळ हा शरीराच्या आजाराचा इशारा असतो आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यावे.

बहिरेपणाकडे त्याहून दुर्लक्ष होते. कमी ऐकू येणारा माणूस आधी बोलणे तोडतो, मग आपल्याविषयीच बोलत आहेत असा संशय घेऊ लागतो. डिमेन्शियाच्या टाळता येण्याजोग्या कारणांत तज्ज्ञ श्रवणदोषाची गणना करतात. कानातला मळ काढणे, श्रवणयंत्र लावणे, समोर बसून सावकाश बोलणे यांनी जेवढा फरक पडतो तेवढा उपदेशाने पडत नाही. मोतीबिंदूचेही तसेच : नव्वदीतही शस्त्रक्रिया होऊ शकते, ‘आता कशाला’ हे त्याला उत्तर नव्हे.

सातपुड्यातील धडगाव-अक्कलकुवा भागात चित्र वेगळे आहे. दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी व मजुरीसाठी तरुण माणसे गुजरातेत जातात. पाड्यावर म्हातारे आणि नातवंडे मागे राहतात. येथे म्हाताऱ्यांना काम नाही ही तक्रार नसते, ते जास्त असते.

उदासीची ओळख : ‘मी दुःखी आहे’ असे या वयाचा माणूस सहसा म्हणत नाही. ‘माले करमस नही’ म्हणतो, किंवा पोट, गुडघे, डोके यांची तक्रार करतो, भाकरी अर्धी टाकतो, पहाटे तीनलाच उठून बसतो. देवाने आता न्यावे, हे बोलणे पुष्कळदा सवयीचे असते. पण त्याबरोबर खाणे सुटणे, वस्तू वाटून टाकणे, औषध बंद करणे दिसले तर ते गंभीरपणे घ्यावे आणि मरणाचे विचार येतात का हे सरळ विचारावे. विचारल्याने ते विचार वाढत नाहीत. जोडीदार गेल्यावरचे रडणे आजार नसते. महिनोनमहिने कशातच रस न उरणे हा आजार असू शकतो, आणि तो ऐंशीनंतरही औषधाने व बोलण्याने बरा होतो. बी-१२ जीवनसत्त्वाची किंवा थायरॉइडची कमतरता याच वेषात येते, म्हणून रक्ततपासणी आधी करतात. शेजाऱ्याने दिलेली झोपेची गोळी टाळावी. तिने तोल जाऊन खुब्याचे हाड मोडते, आणि खाटेवर पडून राहिलेल्या माणसाचे मन सावरणे फार कठीण जाते. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ मध्ये दाखवून दिले की वृद्धांचे जुन्या आठवणी उगाळणे हा आयुष्याचा हिशेब लावण्याचा स्वाभाविक भाग आहे. तीच गोष्ट चौथ्यांदा ऐकताना हे ध्यानात ठेवावे.

जमीन आणि कायदा : शेतकरी घरांत मन मोडण्याचा क्षण अनेकदा तलाठ्याच्या दप्तरात असतो. सातबाऱ्यावरून नाव उतरले की घरातला शब्दही उतरतो, अशी भीती म्हाताऱ्यांना असते आणि ती नेहमीच निराधार नसते. पालक व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७ यानुसार मुलांकडून निर्वाहभत्ता मागता येतो; त्यासाठीच्या न्यायाधिकरणाचे काम उपविभागीय अधिकारी, म्हणजे प्रांत, पाहतात. सांभाळण्याच्या अटीवर बक्षीसपत्राने दिलेली मालमत्ता, अट मोडल्यास, कलम २३ खाली परत मिळवता येते. ती अट दस्तात स्पष्ट लिहिलेली असावी. प्रत्यक्षात आपल्याच मुलावर अर्ज करायला फारच थोडे म्हातारे तयार होतात.

एसटीने २०२२ पासून ७५ वर्षांवरील प्रवाशांना मोफत प्रवास दिला. लेकीच्या गावी जायला कुणाकडे पैसे मागावे लागत नाहीत, हा त्याचा मनावरचा परिणाम आर्थिक लाभाइतकाच मोलाचा आहे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ८५ वर्षांवरील मतदारांना घरून मत देता आले. याउलट निवृत्तिवेतनधारकाने दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा, आणि कष्टाने झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्राने नाकारायचे, हा प्रकार जिवंत माणसाला अपमानास्पद वाटतो. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे. मानसिक त्रासासाठी टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालतो व तेथे मराठीत बोलता येते. ऐकू कमी येत असल्यास घरातल्या दुसऱ्या कुणी फोन लावला तरी चालतो.