कोंबडीच्या श्वासाने मोजलेली हवा

कोंबड्यांच्या शेडमध्ये पाऊल टाकलं की नाक झणझणतं, डोळ्यांत पाणी येतं. हा अमोनिया. 'केवढं हे प्रदूषण!' असं आपण लगेच म्हणतो. पण नाकाला कळतं ते आतल्या हवेतलं अमोनियाचं प्रमाण. शेडमधून किती अमोनिया बाहेर पडला, ते वेगळंच गणित आहे. थंडीत पंखे कमी चालवतात, तेव्हा आत उभं राहवत नाही, पण बाहेर जातो थोडाच. उन्हाळ्यात सगळे पंखे सुरू असतात. मग आत वास जेमतेम येतो आणि बाहेर पडणारा अमोनिया बहुधा जास्तच असतो. उत्सर्जन म्हणजे प्रमाण गुणिले हवेचा प्रवाह.

प्रमाण मोजायला उपकरणं आहेत. खरी कसोटी लागते ती प्रवाह मोजताना. पंख्यावर लिहिलेल्या आकड्यावर विसंबता येत नाही, कारण पट्टा सैल होतो, पात्यांवर धूळ बसते. आणि ज्या शेडला पंखेच नाहीत, दोन्ही बाजू जाळीच्या आहेत, तिथे वारा मोजायचा तरी कुठे?

इथे जी युक्ती वापरतात ती मला फार आवडते. प्रवाह मोजायचं काम कोंबडीच करते! खाल्लेल्या अन्नाचं शरीरात ज्वलन होतं, त्यातून उष्णता आणि कार्बन डायऑक्साइड एका ठरावीक नात्याने बाहेर पडतात. पक्ष्यांच्या शरीरातून १ किलोवॉट उष्णता निघत असेल, तर शेडमध्ये तासाला साधारण ०.१८ घनमीटर कार्बन डायऑक्साइड तयार होतो. यात विष्ठेतून येणारा थोडा वाटाही धरलेला आहे. दोन किलोच्या ब्रॉयलरची उष्णता सुमारे १८ वॉट. म्हणजे १०,००० पक्ष्यांचे १८० किलोवॉट, आणि वायू तासाला ३२ घनमीटर. आता समजा, बाहेरच्या हवेत तो ४२० पीपीएम (दहा लाख भागांत ४२० भाग) आहे आणि आत १,४२०. प्रत्येक घनमीटर हवा १,००० पीपीएम, म्हणजे हजारावा भाग, जास्तीचा घेऊन बाहेर जाते. ३२ घनमीटर वाहून न्यायला ३२,००० घनमीटर हवा लागणार. झाला प्रवाह! आत अमोनिया १० पीपीएम असेल, तर तासाला ०.३२ घनमीटर, वजनात सुमारे २३० ग्रॅम, दिवसाला साडेपाच किलो.

अंधारात पक्षी शांत बसतात, श्वास मंदावतो. म्हणून एखाद्या तासाचं मोजमाप घेऊन चालत नाही, पूर्ण दिवसाची सरासरी लागते. पिल्लं लहान असताना अमोनिया नगण्य असतो, वय वाढेल तसा वाढतो. त्यामुळे पहिल्या दिवसापासून विक्रीपर्यंत, तेही वेगवेगळ्या ऋतूंत मोजावं लागतं.

अमोनिया येतो विष्ठेतल्या युरिक आम्लातून. ओल मिळाली की जिवाणू ते फोडतात. तुसाची गादी कोरडी ठेवणं हा म्हणूनच पहिला उपाय. तुरटीही उपयोगी पडते, कारण आम्लता वाढली की अमोनिया वायुरूपात सुटत नाही, अमोनियम होऊन गादीतच राहतो. पण 'आमची पावडर टाका, प्रदूषण निम्मं' असं सांगत कोणी हातातल्या मीटरवरचे आधीचे-नंतरचे आकडे दाखवले, तर त्या दोन्ही वेळी पंखे किती सुरू होते ते विचारा. एक पंखा वाढवला तरी आकडा खाली येतो!

कोंबडीला गायीसारखं रवंथ करणारं पोट नाही, त्यामुळे तिच्यापासून मिथेन फारच कमी. हरितगृह वायूंत लक्ष ठेवायचं ते नायट्रस ऑक्साइडवर. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट उष्णता अडवतो. अमोनिया स्वतः हरितगृह वायू नाही, पण हवेत त्याचे सूक्ष्म कण बनतात आणि जमिनीवर उतरल्यावर त्यातलाच काही नायट्रोजन नायट्रस ऑक्साइड होऊन परत हवेत जातो.