मोटारगाडीतील शीतन व हीटर : दोषनिदान

मोटारगाडीचे इंजिन अति तापणे, पुरेसे न तापणे, कूलंट (इंजिन थंड ठेवणारे पाणी व रसायनाचे मिश्रण, ज्याला पुढे नुसते ‘पाणी’ही म्हटले आहे) घटत जाणे किंवा हीटरमधून गरम हवा न येणे या तक्रारींचे मूळ शोधण्याची पद्धत. ‘गाडी हीट होते’ आणि ‘हीटर चालत नाही’ या गॅरेजमध्ये दोन वेगळ्या तक्रारी मानल्या जातात. पण इंजिन थंड ठेवणारे आणि केबिन ऊबदार करणारे पाणी एकच असते. हीटर कधी गरम हवा देतो आणि कधी देत नाही, यावरून इंजिनात पाणी नीट फिरते आहे की नाही हे कळते, आणि पुष्कळदा तापमानाच्या काट्याच्या आधी कळते. महाराष्ट्रात थंडीतल्या काही पहाटा सोडल्या तर हीटर लागत नाही. त्यामुळे हा पुरावा तपासायचा राहून जातो आणि रेडिएटर, वॉटर पंप, थर्मोस्टॅट असे एकेक भाग अंदाजाने बदलले जातात.

रचना : इंधन जळून निर्माण होणाऱ्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश कामी येते, तितकीच धुराबरोबर बाहेर जाते आणि उरलेली मुख्यतः कूलंटला वाहून न्यावी लागते. वॉटर पंप (मिस्त्रींच्या बोलण्यात ‘वॉटर बॉडी’) हे कूलंट ब्लॉक (सिलिंडर असलेला इंजिनाचा मुख्य भाग) व हेड (त्यावर बसणारा भाग) यांमधून फिरवतो. इंजिन थंड असताना थर्मोस्टॅट रेडिएटरची, म्हणजे कूलंट वाऱ्याने गार करणाऱ्या जाळीची, वाट बंद ठेवतो. साधारण ८२ ते ९० अंश सेल्सिअसला त्यातले मेण वितळून फुगते आणि झडप उघडू लागते. हीटरची वाट सहसा या झडपेवर अवलंबून नसते. डॅशबोर्डमागे बसवलेल्या छोट्या रेडिएटरमधून, म्हणजे हीटर कोअरमधून, गरम कूलंट जाते आणि ब्लोअर त्यावरून हवा ढकलतो.

रेडिएटरचे झाकण प्रेशर कुकरच्या शिट्टीसारखे काम करते. ते साधारण ०.९ ते १.१ बार जादा दाब धरून ठेवते, त्यामुळे निम्मे पाणी व निम्मे एथिलीन ग्लायकॉल असलेले मिश्रण १२५ अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. झाकणाचे रबर गेले, की तेच मिश्रण १०८ अंशांना उकळू लागते. उंचीवर हा धोका वाढतो: लेहला, सुमारे ३,५०० मीटरवर, उघड्या भांड्यातले साधे पाणी ८८ अंशांनाच उकळते. कूलंट दर वेळी त्याच्या टाकीतून उतू जाते पण गळती कुठेच सापडत नाही, अशा गाडीत सर्वांत आधी झाकण तपासावे. झाकणाची आत उघडणारी छोटी झडप अडकली असेल, तर गाडी गार झाल्यावर रेडिएटरचा वरचा रबरी होज पाइप आत ओढला जाऊन चपटा दिसतो.

काटा आणि दिवा : अनेक नव्या लहान गाड्यांत तापमानाचा काटाच नसतो, इंजिन गार असताना निळा आणि अति तापल्यावर लाल दिवा एवढीच खबर मिळते. काटा असतो तिथेही पुष्कळ कंपन्या तो मधल्या पट्ट्यात मुद्दाम स्थिर ठेवतात, म्हणजे ७५ आणि १०० अंशांना तो जवळपास त्याच जागी दिसू शकतो. खरे तापमान गाडीच्या संगणकाला जोडायच्या ओबीडी स्कॅनरवर दिसते. निदानाची सुरुवात तिथूनच करावी. त्यात ‘पी०१२८’ हा कोड आला तर इंजिन अपेक्षित तापमानाला पोचत नाही असा अर्थ होतो आणि पहिला संशय उघड्या राहिलेल्या थर्मोस्टॅटवर जातो. एक गोष्ट मात्र स्कॅनरलाही फसवते. कूलंट फार कमी झाले तर सेन्सर पाण्याबाहेर, हवेत किंवा वाफेत राहतो आणि वास्तवापेक्षा कमी आकडा दाखवतो. काटा सुस्थितीत आणि हीटरची हवा अचानक गार, असे चालू गाडीत झाले तर गाडी लगेच थांबवावी. त्या क्षणी हीटर खरे सांगत असतो.

लक्षण केव्हा दिसते : ‘गाडी तापते का’ यापेक्षा ‘केव्हा तापते’ हा प्रश्न अधिक कामाचा. सिग्नलवर, ट्रॅफिकमध्ये तापते आणि हायवेला लागताच काटा खाली येतो, तर दोष बहुधा पंख्याकडे असतो. वेगात वारा पंख्याचे काम करत असतो. एसी लावला की बहुतेक गाड्यांत पंखा फिरलाच पाहिजे. नाही फिरला तर फ्यूज, रिले (पंख्याला वीज देणारा छोटा स्विच), मोटर या क्रमाने पाहावे. शेजारचा तशाच क्षमतेचा रिले अदलाबदल करून पाहणे ही मिनिटाभराची तपासणी आहे. तापमान सेन्सरचा प्लग काढल्यावर पुष्कळ गाड्यांत ईसीयू (इंजिनाचा संगणक) सुरक्षेसाठी पंखा सुरू करते. तसा तो सुरू झाला तर मोटर आणि वायरिंग ठीक आहे. मोटर बदलताना तारा उलट जोडल्या गेल्या तर पंखा फिरतो पण हवा उलटी फेकतो. पंखा रेडिएटरच्या मागे असेल तर जाळीसमोर धरलेला कागद जाळीला चिकटायला हवा. लांबीत इंजिन बसवलेल्या जीप व पिकअपसारख्या काही गाड्यांत व्हिस्कस क्लचचा (दाट द्रवाच्या जोडणीने इंजिनावर फिरणारा) पंखा असतो. गरम इंजिन बंद केल्यावर तो हाताने सैल गरगर फिरला तर क्लच गेलेला असतो.

याउलट शहरात ठीक, पण हायवेवर किंवा कसारा, आंबोलीसारख्या घाटात चढणीला तापते, तेव्हा पाण्याचा किंवा हवेचा प्रवाह कमी पडतो आहे असे समजावे. एसीचा कंडेन्सर (रेडिएटरसमोरची एसीची जाळी) आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत धूळ, किडे आणि ऊसतोडणीच्या दिवसांत पाचटाचा भुगा साचतो. समोरून पाहिले तर जाळी स्वच्छ दिसते. इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला, कमी दाबाच्या पाण्याने धुतल्यास तो निघतो. आतून चोंदलेला रेडिएटर ओळखायला इन्फ्रारेड थर्मामीटर चांगला: जाळीवर मधेच गार पट्टे सापडले की तिथल्या नळ्या बंद आहेत. चकचकीत धातूवर हे यंत्र चुकीचे वाचते, म्हणून आधी काळी चिकटपट्टी लावावी. वॉटर पंपाच्या पोटाशी असलेल्या छोट्या भोकातून वाळलेल्या कूलंटचा ओघळ दिसला तर पंपाचे सील गेले. काही पंपांतील प्लॅस्टिकचे पाते दांड्यावर सैल होते. बाहेरून गळती नाही, आवाज नाही, आणि पाणी मात्र फिरत नाही.

गार इंजिन सुरू केल्यावर थोड्याच मिनिटांत काटा लालकडे धावतो, हीटर कडक गरम हवा देतो आणि रेडिएटर मात्र गारच राहतो, तेव्हा थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकल्याचा संशय घ्यावा. तो काढून पातेल्यात पाण्यात टांगून तापवावा. त्यावर कोरलेल्या तापमानाच्या आसपास तो उघडायला हवा.

हीटरच्या दोन नळ्या : बॉनेटखाली केबिनच्या भिंतीत शिरणाऱ्या दोन नळ्या हे या सगळ्या निदानातले सर्वांत बोलके ठिकाण. इंजिन पूर्ण तापल्यावर हीटर कमाल गरमवर ठेवून त्यांना सांभाळून हात लावून पाहावा किंवा थर्मामीटरने मोजावे. दोन्ही नळ्या कडक गरम आणि हवा गार, तर पाण्याचा दोष नाहीच. गरम व गार हवा मिसळणारे झाकण हलत नाही. साध्या नॉबच्या गाडीत त्याची केबल निसटलेली असते. स्वयंचलित एसीत छोट्या मोटरचा प्लॅस्टिकचा दाता तुटतो आणि डॅशबोर्डमागून टिकटिक ऐकू येते. एक नळी गरम व दुसरी गार, तर कोअर चोंदला आहे किंवा त्याची झडप बंद आहे. दोन्ही कोमट, तर थर्मोस्टॅट उघडा अडकलेला असतो किंवा कूलंट कमी असते. गाडी पळताना गरम हवा आणि उभी राहिली की गार, ही एअर लॉक (पाण्याच्या वाटेत अडकलेली हवा), कमी कूलंट किंवा दुबळ्या पंपाची खूण. इंजिन तापण्याची तक्रार बहुधा यानंतर येते. डिझेल गाडी थंडीत नुसती उभी ठेवून हीटर तापत नसेल, तर तो मात्र दोष असेलच असे नाही. आयडलिंगवर डिझेल इंजिन फार कमी उष्णता टाकते.

काचेवर आतून तेलकट धुके, गोडसर वास आणि पुढच्या पायाखालची ओली मॅट ही हीटर कोअर गळत असल्याची लक्षणे. एसीचे ठिबकणारे पाणी बिनवासाचे व स्वच्छ असते. कूलंट रंगीत आणि चिकट. कोअर बदलायला अनेक गाड्यांत अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो, म्हणून आपल्याकडे दोन्ही नळ्या एकमेकींना जोडून हीटर कायमचा बाद करण्याची पद्धत रूढ आहे. ती वाईट आहे. पावसाळ्यात घाटातल्या धुक्यात समोरची काच साफ ठेवायला गरम हवा लागते, आणि जुनी गाडी घेणाऱ्याला हा बायपास मनालीच्या वाटेवरच कळतो.

सीएनजी गाड्या : मुंबई-पुण्यात मोठ्या संख्येने धावणाऱ्या सीएनजी गाड्यांत एक जादा खूण मिळते. सिलिंडरमधील सुमारे २०० बार दाबाचा गॅस रिड्यूसरमध्ये, म्हणजे दाब कमी करणाऱ्या भागात, पसरताना खूप गार होतो, म्हणून रिड्यूसरला कूलंटची ऊब दिलेली असते. बाहेरून किट बसवलेल्या गाड्यांत ही जोडणी बहुधा हीटरच्या नळ्यांना टी (तीन तोंडांचा जोड) लावून केलेली असते. गाडी चांगली तापल्यावरही रिड्यूसरवर दव किंवा बर्फ दिसले तर पाणी तिथपर्यंत पोचत नाही. याच टी-जोडांच्या सैल क्लिपा कूलंट हळूहळू घटण्याचे नेहमीचे कारण असतात.

गळती व हेड गॅस्केट : गळती शोधताना गार इंजिनावर हातपंपाने झाकणावर लिहिलेल्या दाबाइतका दाब द्यावा आणि दहा-पंधरा मिनिटे पंपाचा दाबाचा काटा पाहावा. काटा उतरला आणि बाहेर कुठेच ओल नाही, तर कूलंट केबिनमध्ये किंवा सिलिंडरमध्ये जात असते. गार इंजिन सुरू करताच वरचा होज दगडासारखा कडक होणे, टाकीत सतत बुडबुडे, गोड वासाचा पांढरा धूर, दुधाळ ऑइल ही हेड गॅस्केट (हेड व ब्लॉक यांमधले सील) उडाल्याची लक्षणे. ऑइलच्या झाकणाखाली नुसता फिकट फेस दिसला म्हणून मात्र हेड उघडू नये. छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत तो हवेतल्या दमटपणानेही साचतो. पेट्रोल गाडीत खात्रीची तपासणी निळ्या रसायनाची: टाकीतली हवा त्यातून ओढली आणि कार्बन डायऑक्साइडमुळे ते पिवळे झाले, तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरतो आहे.

थर्मोस्टॅट काढणे व साधे पाणी : ‘आपल्या हवेत थर्मोस्टॅट लागत नाही’ असे सांगून तो काढून टाकला जातो. यातून रोग झाकला जातो. इंजिन कायम गार राहिल्याने ईसीयू जादा पेट्रोल देते, ते ऑइलमध्ये मिसळते, मायलेज घसरते. बायपास वाटेच्या काही इंजिनांत तर कूलंट रेडिएटर टाळून फिरते आणि गाडी आणखी तापते. बोअरचे जड पाणी ओतत राहिल्यास क्षारांचा थर साचतो आणि तो आधी हीटर कोअरच्या अरुंद नळ्यांत बसतो. म्हणून कूलंट डिस्टिल्ड पाण्यातच मिसळावे. हिरवा, गुलाबी, केशरी हे रंग कोणत्याही एका मानकाने ठरलेले नाहीत; रंग जुळला म्हणून दोन प्रकार एकत्र करू नयेत, त्यांचा कधीकधी चिकट गाळ होतो.

निम्मे-निम्मे मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. टोरोंटोसारख्या गावी राहणाऱ्याच्या गाडीत पाण्याचे प्रमाण वाढलेले असेल तर रेडिएटरमध्ये बर्फाचा लगदा होतो, आणि कडाक्याच्या थंडीत हीटर गार असताना इंजिन अति तापते.

वाटेत गाडी तापल्यास : काटा नुकताच चढू लागला असेल तर एसी बंद करून हीटर व ब्लोअर पूर्ण लावावा, छोटा रेडिएटरही उष्णता बाहेर टाकतो. लाल दिवा लागला किंवा वाफ दिसली तर इंजिन लगेच बंद करावे. गरम झाकण कधीही उघडू नये. दाब सुटताच उकळते पाणी अंगावर उसळते. इंजिनावर गार पाणी ओतल्यास हेडला तडा जाऊ शकतो. पूर्ण गार झाल्यावर कूलंट भरावे आणि एअर लॉक काढावा: गाडीचे नाक चढाला, हीटर कमाल गरमवर, झाकण उघडे, आणि गार इंजिन सुरू करून पंखा दोनदा लागेपर्यंत चालू ठेवावे. सांडलेले कूलंट लगेच पुसून धुवावे. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड व विषारी असते. कुत्री-मांजरे ते चाटतात आणि थोडेसेही त्यांचे मूत्रपिंड निकामी करू शकते.