पाण्यापासून एक मीटरवरचा रेडिओ

पांडवलेणीच्या पायथ्याशी उभं राहिलं की समोरचा महामार्ग आणि चार इमारती दिसतात. पायऱ्या चढून लेण्यांपाशी पोचलं की अख्खं नाशिक नजरेत येतं. डोळे तेच, बदलली ती उंची. कयाकवरून, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या छोट्या अरुंद होडीतून, मासेमारीला नेण्यासाठी मरीन रेडिओ बघताना विक्रेता वॅट सांगू लागला, की मला या पायऱ्या आठवतात.

हे हँडसेट १५६ मेगाहर्ट्झच्या आसपास चालतात आणि त्यांच्या लहरी जवळपास नजरेच्या रेषेतच जातात. अँटेना पाण्यापासून जितके मीटर वर, त्या आकड्याचं वर्गमूळ घ्या, ४.१ ने गुणा. किलोमीटरमध्ये पल्ला मिळतो. कयाकात बसलेल्याच्या हातातला अँटेना साधारण १ मीटरवर, म्हणजे ४ किलोमीटर. समोरचाही कयाकवरच असेल तर दोघांचे मिळून ८. पण किनाऱ्यावरचा अँटेना १०० मीटर उंच असेल, तर त्याचे ४१ आणि आपले ४ मिळून ४५! ५ ऐवजी ६ वॅट घेतल्याने पडणारा फरक १ डेसिबलहूनही कमी, म्हणजे नगण्य. बॅटरी तेवढी लवकर उतरते.

आणि कयाक उलटली तर? पाण्यात तरंगताना अँटेना ३० सेंटिमीटरवर आला, की आपला पल्ला सव्वादोन किलोमीटरवर घसरतो. खाऱ्या पाण्याखाली गेला तर विषयच संपला. या लहरी तिथे दोन-चार सेंटिमीटरमध्येच विरतात. म्हणून रेडिओ तरंगणारा हवा आणि लाइफ जॅकेटला अडकवलेला हवा. कयाकच्या कप्प्यात ठेवलेला कयाकबरोबरच वाहून जायचा. ‘आयपीएक्स७’ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं टिकेल. ही चाचणी गोड्या पाण्यातली, तेव्हा समुद्रावरून आल्यावर नळाखाली धुवायचाच. जीपीएस आणि डीएससी (संकटाचा डिजिटल संदेश पाठवायची सोय) असलेला मिळाला तर चार पैसे जास्त द्यावेत. लाल बटण दाबलं की तो ७० नंबरच्या चॅनेलवर तुमचा ठावठिकाणा आपोआप पाठवतो. बोलायला दम उरला नसेल तेव्हा याची किंमत कळते. आधी त्यात नऊ आकडी ओळख क्रमांक भरलेला असावा लागतो. रेडिओला परवानाही लागतो.

गंगापूर धरणावर मात्र हा रेडिओ नेऊन उपयोग नाही. संकटाची हाक द्यायची ती १६ नंबरच्या चॅनेलवर, आणि तो ऐकतात समुद्रावरची जहाजं आणि तटरक्षक दल. धरणात तुमची हाक ऐकणार कोण? तिथे वॉटरप्रूफ पाऊचमधला मोबाइल, गळ्यात शिट्टी, आणि किती वाजता परतणार ते घरी सांगून निघणं. रेडिओ डहाणूला उतराल तेव्हासाठी.